प्रश्न तुमचे: गल्लीतला गतिरोधक

(गेल्या दोन महिन्यांत या सदराकडे आलेल्या पत्रांपैकी बरीच पत्रे एकाच विषयावरची होती. काहींना गतिरोधक हवा आहे, काहींना तो नको आहे आणि काहींना तो शेजाऱ्याच्या दारासमोर हवा आहे. त्यांतली पाच पत्रे थोडी संक्षिप्त करून घेतली आहेत. उत्तरे देणाऱ्या लेखकाने एका महापालिकेच्या पथ विभागात अभियंता म्हणून नोकरी केली आहे.)

प्रश्न: आमची साडेतीनशे मीटर लांबीची गल्ली दोन मोठ्या रस्त्यांना जोडते. चौकातला सिग्नल चुकवण्यासाठी सकाळ-संध्याकाळ मोटारी आणि दुचाक्या तिच्यातून सुसाट जातात. गल्लीत एक बालवाडी आहे आणि ज्येष्ठ नागरिकही बरेच आहेत. अर्ज-विनंत्यांचा मार्ग लांबचा वाटल्याने सहा सोसायट्यांनी वर्गणी काढली आहे. ओळखीचा एक ठेकेदार रविवारी सकाळी डांबराचा एक चांगला उंच गतिरोधक टाकून द्यायला तयार आहे. यास काही हरकत आहे का?
(एका सोसायटीचे सचिव, पुणे)

उत्तर: हरकत आहे. रस्ता महापालिकेच्या मालकीचा आहे. परवानगीशिवाय तो खणणे जसे बेकायदा, तसेच त्यावर काही उभारणेही बेकायदाच ठरते. उद्या अंधारात एखादा दुचाकीस्वार त्या उंचवट्यावरून पडला, तर वर्गणीच्या पावत्या कोणी फाडल्या याची चौकशी तुमच्याच दारात येईल. पण कायद्याची बाजू क्षणभर दूर ठेवली, तरी आपल्या पत्रातला ‘चांगला उंच’ हा शब्दप्रयोग मला अधिक काळजीचा वाटतो, कारण गतिरोधकाविषयीचा सगळा गैरसमज त्या दोन शब्दांत आलेला आहे.

गतिरोधक किती उंच आहे यापेक्षा तो किती रुंद आहे, म्हणजे वाहन ज्या दिशेने जाते त्या दिशेने तो किती पसरलेला आहे, याला महत्त्व असते. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेस या संस्थेने 1988 साली गतिरोधकांसाठी जी मार्गदर्शक तत्त्वे काढली (क्रमांक 99, पुढे 2018 मध्ये त्यांची सुधारित आवृत्ती आली), त्यांत दिलेला गतिरोधक 3.7 मीटर रुंद, मध्यभागी केवळ 10 सेंटिमीटर उंच आणि 17 मीटर त्रिज्येच्या वर्तुळाच्या कमानीसारखा गोलसर आहे. ताशी 25 किलोमीटर वेगाने जाणाऱ्या वाहनाला तो सुखाने ओलांडता यावा, असा त्याचा हिशेब आहे. आता आपल्या आसपासचा कोणताही गतिरोधक टेपने मोजून पाहा. पुष्कळदा तो जेमतेम अर्धा-पाऊण मीटर रुंद आणि वीतभर उंच निघेल. तो गतिरोधक नव्हे, आडवा घातलेला बांध आहे.

या दोहोंतला फरक नुसता आरामापुरता नाही. गोलसर आणि रुंद उंचवट्यावरून वाहन जाते तेव्हा ते क्षणभर 17 मीटर त्रिज्येच्या टेकडीवरून जात असते आणि त्याला बसणारा हिसका वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. ताशी 25 किलोमीटरला हा हिसका गुरुत्वाकर्षणाच्या सुमारे 30 टक्के असतो, 40 ला तो 70 टक्क्यांच्या वर जातो, आणि 46-47 च्या आसपास, निदान कागदावरच्या गणितात, चाके रस्ता सोडू लागतात. म्हणजे जो वेगात येईल त्याला शिक्षा अधिक आणि जो सावकाश येईल त्याला जवळजवळ काहीच नाही. अरुंद बांधाचे नेमके उलटे होते. सावकाश येणाऱ्या रिक्षातल्या माणसाचे डोके टपाला लागते, आणि भरधाव येणाऱ्या जड मोटारीची चाके तो धक्का स्प्रिंगांमध्ये जिरवून, गाडीचे धूड फारसे न हलवता, पलीकडे निघून जातात. शहाण्याला शिक्षा आणि उनाडाला सूट, असा हा न्याय आहे. शिवाय चारपाच माणसे बसून दबलेल्या छोट्या मोटारीचे पोट त्या बांधाला घासते ते निराळेच.

आता आपल्या गल्लीकडे येऊ. काहीही मागण्याआधी वेग मोजा. त्यासाठी कोणतेही यंत्र लागत नाही. गल्लीच्या मधल्या सरळ भागात 50 मीटर अंतरावर खडूने दोन रेघा मारा आणि भ्रमणध्वनीतल्या स्टॉपवॉचवर एका रेघेपासून दुसऱ्या रेघेपर्यंतचा वेळ घ्या. 6 सेकंद लागले तर वेग ताशी 30, साडेचार लागले तर 40, आणि 3.6 सेकंद लागले तर 50 किलोमीटर. गर्दीच्या तासात आणि दुपारी मिळून शंभर वाहने मोजा, वेग चढत्या क्रमाने लिहा आणि पंचाऐंशीव्या वाहनाचा वेग पाहा. आम्ही अभियंते त्याच आकड्यावरून रस्त्याची प्रकृती ओळखतो. ‘गाड्या फार वेगात जातात’ असे शंभर सह्यांचे निवेदन आणि ‘शंभरांपैकी पंधरा वाहने 43 च्या वर होती’ असे एका पानाचे टिपण, यांत दुसऱ्याचे वजन टेबलावर अधिक पडते. हे मी टेबलाच्या पलीकडच्या बाजूला बसून अनुभवले आहे. आकडा 30 च्या आत निघाला, तर मात्र प्रामाणिकपणे विचार करा. वाहनांचा आवाज आणि संख्या यांमुळे वेगाचा भास होतो, आणि त्या दुखण्यावर गतिरोधक हे औषध नाही.

30 हा आकडा मी सहज घेतलेला नाही. अचानक मूल आडवे आले, चालकाला उमगायला एक सेकंद लागला आणि रस्ता कोरडा असला, तरी 30 च्या वेगातले वाहन थांबेपर्यंत सुमारे 13 मीटर जाते. 50 च्या वेगातले 28 मीटर जाते. बालवाडीच्या फाटकापासून 13 मीटरवर काय आहे आणि 28 मीटरवर काय आहे, हे आपण स्वतः चालून पाहावे.

एका गतिरोधकाने आपले काम होणार नाही, हेही सांगून ठेवतो. चालक उंचवट्यापाशी ब्रेक दाबतो आणि ओलांडला की चिडून अधिक जोराने पळतो. म्हणून मार्गदर्शक तत्त्वांत एकाच्या मध्यापासून दुसऱ्याच्या मध्यापर्यंत 100 ते 120 मीटर अंतराने गतिरोधकांची मालिका सुचवली आहे. साडेतीनशे मीटरच्या गल्लीत चार लागतील: गल्ली मोठ्या रस्त्याला मिळते तिथे दोन्ही टोकांना, मोठ्या रस्त्याच्या कडेपासून सुमारे 5 मीटर आत, एकेक आणि मधल्या भागात सारख्या अंतरावर दोन, त्यांतला एक शक्यतो बालवाडीच्या बाजूला. तीनच केले, तर टोकांपासून मधल्यापर्यंतचे अंतर दीडशेहून अधिक राहते. प्रत्येकाच्या अलीकडे 40 मीटरवर सूचनाफलक, अंगावर काळे-पांढरे पट्टे आणि वर रस्त्याचा दिवा, हे सगळे अर्जातच लिहा. रंग नसलेला गतिरोधक रात्रीच्या पावसात खड्ड्यापेक्षा वाईट असतो, कारण खड्डा निदान पाण्याने चमकतो. अर्जाची एक प्रत क्षेत्रीय कार्यालयाच्या पथ विभागाला आणि दुसरी वाहतूक पोलिसांना द्यावी, कारण या कामाला दोघांचीही संमती लागते.

आणि शेवटी मुळावर घाव घालणारा एक उपाय. आपले दुखणे वेगापेक्षा आडवाटेचे आहे. सिग्नलचे दोन मिनिट वाचतात म्हणून लोक गल्लीत शिरतात. गल्ली एकेरी केली किंवा सकाळच्या दोन तासांत एका बाजूने प्रवेश बंद केला, तर निम्मी वाहने आपोआप कमी होतील. त्यात तुम्हा रहिवाशांनाही वळसा पडेल, म्हणून हा प्रस्ताव सोसायटीच्या सभेत बहुतेक वेळा नापास होतो. तरी मांडून पाहावा.

प्रश्न: आमच्या फाटकाच्या अगदी समोर गतिरोधक आहे. रात्रभर टेम्पोंचा खडखडाट, ब्रेक लावल्याचा आणि पुन्हा वेग घेतल्याचा आवाज. झोप लागत नाही. खिडकीची तावदाने थरथरतात. तो हलवून दहा-बारा मीटर पुढे नेता येईल का? पुढचे शेजारी मात्र ‘आमच्याकडे नको’ म्हणतात.
(एक गृहिणी, नाशिक)

उत्तर: शेजाऱ्यांचा विरोध स्वाभाविक आहे. तेही माणसेच आहेत आणि टेम्पो त्यांच्याही दारात तितकाच खडखडेल. फाटकासमोर गतिरोधक असणे ही जागेची चूकच आहे, कारण तिथून गाडी आत-बाहेर वळवताना चाक उंचवट्याच्या उतारावर तिरके चढते. परंतु आपल्या तक्रारीचे मूळ जागेपेक्षा आकारात असण्याचा संभव अधिक वाटतो. रिकाम्या टेम्पोचा खडखडाट होतो तो त्याची चाके एकदम उचलली जाऊन एकदम आपटल्यामुळे. उंचवटा 3.7 मीटर रुंद आणि गोलसर असेल तर चाक आपटत नाही, लोळत जाते. जिथे मालवाहू गाड्या आणि बस फार, तिथे त्याच उंचवट्याच्या दोन्ही कडांना दीड-दीड मीटरचा, वीसास एक असा सौम्य उतार जोडावा, असेही मार्गदर्शक तत्त्वांत सांगितले आहे. म्हणून मागणी ‘हलवा’ अशी न करता ‘मोजा आणि ठरलेल्या आकाराचा करा’ अशी करावी. तिला शेजारीही सही देतील.

एक गोष्ट मात्र टाळा. पर्याय म्हणून कोणी ‘रम्बलर’ सुचवील, म्हणजे ओळीने घातलेले पाच-सहा बारीक पट्टे. त्यांचा उपयोग चालकाला जागे करण्यापुरता असतो. त्यांनी वेग फारसा कमी होत नाही आणि आवाज मात्र एका धडधडीऐवजी सहा होतात. ते गावाबाहेरच्या रस्त्यावर, वळणाच्या किंवा चौकाच्या अलीकडे शोभतात. झोपायच्या खोलीखाली नव्हेत.

प्रश्न: माझ्या आईच्या मणक्याची शस्त्रक्रिया झाली आहे. तपासणीसाठी रुग्णालयात नेताना सव्वा किलोमीटरच्या अंतर्गत रस्त्यावर अकरा गतिरोधक लागतात. प्रत्येक वेळी तिच्या तोंडून हुंदका निघतो. रुग्णवाहिकेतल्या माणसाचे काय होत असेल? वेगवान चालकांसाठी आजाऱ्यांना शिक्षा कशासाठी? हे सगळे काढून टाकावेत असे मला वाटते.
(एक वाचक, ठाणे)

उत्तर: आपल्या मातोश्रींना लवकर आराम पडो. आपला प्रश्न रास्त आहे आणि गतिरोधकाचे समर्थन करणाऱ्यांनी, ज्यांत मीही आहे, त्याला बगल देऊ नये. प्रत्येक उंचवट्यापाशी रुग्णवाहिकेचे काही सेकंद जातात. आत सलाईन लावलेला किंवा हाड मोडलेला रुग्ण असेल तर चालक जवळजवळ थांबूनच तो ओलांडतो. अकरा उंचवट्यांचा हिशेब केला तर हा वेळ क्षुल्लक राहत नाही. यासाठीच रुग्णालय आणि अग्निशमन केंद्र यांच्याकडे जाणारे मुख्य मार्ग आधी नकाशावर ठरवून ते गतिरोधकांपासून शक्य तितके मुक्त ठेवायला हवेत. व्यवहारात नकाशा कोणी काढत नाही. ज्याचा अर्ज येतो, त्याच्या दारात ब्रेकर पडतो, आणि दहा वर्षांनी अकरा होतात.

सगळे काढावेत, याच्याशी मात्र सहमत होता येत नाही. अकरांपैकी किती जणांचा आकार बरोबर आहे ते आधी पाहावे. नियमाप्रमाणे बांधलेल्या उंचवट्यावरून ताशी 15-20 च्या वेगाने गेल्यास पाठीच्या रुग्णालाही तो सोसतो. असह्य होतो तो अरुंद बांध. आपल्याकडच्या अनेक रस्त्यांवर दोनदा, तीनदा डांबरीकरण होऊन गतिरोधकावरही नवा थर चढतो आणि त्याचा मूळ आकार कधीच नाहीसा होतो. जिथे लोक खरोखर रस्ता ओलांडतात तिथे सपाट माथ्याचा, पदपथाच्या उंचीचा चौथरा करून त्यावर झेब्रा पट्टे आखणे हा अधिक सुसंस्कृत उपाय आहे. वाहन चढते, सपाटीवरून जाते आणि उतरते, त्यामुळे हिसका विभागला जातो. शिवाय काठी टेकत चालणाऱ्या माणसाला पदपथावरून खाली उतरावेच लागत नाही.

परदेशांत बस आणि रुग्णवाहिकांसाठी मधे मधे फटी ठेवलेले, उशीसारखे तुटक उंचवटे करतात. मोठ्या गाडीची दोन्ही चाके फटींतून निघून जातात आणि मोटारीचे निदान एक चाक वर चढते. कल्पना सुरेख आहे, पण आपल्याकडे तिचा निभाव लागणार नाही. ज्या शहरात निम्म्याहून अधिक वाहने दुचाक्या असतात, तिथे त्या फटी म्हणजे खास दुचाक्यांसाठी राखलेला शर्यतीचा मार्ग ठरतो.

प्रश्न: आमच्या कॉलनीत नवा गतिरोधक झाला, पण पावसाळ्यात त्याच्या वरच्या अंगाला तळे साचते. पाणी जावे म्हणून कडेला एक हात जागा सोडली, तर सगळ्या दुचाक्या तिथूनच जाऊ लागल्या आणि कडेने चालणाऱ्या दोघांना धक्का बसला. जागा सोडावी की भरावी?
(एक निवृत्त शिक्षक, कोल्हापूर)

उत्तर: गुरुजी, आपण माझ्या जुन्या जखमेवर बोट ठेवले आहे. नोकरीच्या चौथ्या वर्षी मी एका उताराच्या रस्त्यावर, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत भरीव, मोजून मापून गतिरोधक केला. उंची बरोबर, रुंदी बरोबर, पट्टे झकास. जुलैच्या पहिल्या मोठ्या पावसात त्याच्यामागे अडलेले सगळे पाणी एका बैठ्या घराच्या ओसरीत शिरले. त्या घरातल्या आजींनी मला ओल्या गोधड्या दाखवल्या आणि त्या एकच वाक्य बोलल्या, “साहेब, धरण बांधलंत, कालवा काढायचा राहिला.” त्यानंतर मी कोणत्याही गतिरोधकाच्या नकाशावर आधी पाण्याची दिशा दाखवणारा बाण काढू लागलो.

उत्तर असे की, जागा सोडावी, पण उघडी ठेवू नये. उंचवटा कडेपर्यंत पूर्ण न्यावा आणि कडेच्या पट्ट्यात त्याच्या पोटातून नळी काढावी किंवा पन्हळ ठेवून तिच्यावर लोखंडी जाळी बसवावी. जाळीच्या सळया वाहनाच्या दिशेला आडव्या असाव्यात, नाहीतर सायकलचे चाक अडकते. हे जमण्याजोगे नसेल तर फटीच्या तोंडाशी एक खांब रोवावा, म्हणजे पाणी जाईल आणि दुचाकी जाणार नाही. मात्र खांबाला पांढरा रंग आणि परावर्तक पट्टी हवी. उंचवट्याची जागा उताराच्या तळाशी असेल, तर तो काढून चढाच्या बाजूला नेणेच बरे. तळाशी पाणी येणारच, तिथे कितीही नळ्या घातल्या तरी पहिल्या पावसात पालापाचोळ्याने त्या तुंबतात.

पादचाऱ्यांना धक्का बसल्याचे आपण लिहिले आहे, त्याविषयी एक माहिती. 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 198अ आले आहे. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न केल्यामुळे कोणाचा मृत्यू झाला किंवा कोणाला अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आपल्या प्रकरणात सुदैवाने तसे काही घडलेले नाही. तरी अर्जात या कलमाचा उल्लेख केल्यास पन्हळ खणायला माणसे लवकर येण्याची शक्यता वाढते.

प्रश्न: मी पाच वर्षांपासून वेल्समध्ये राहतो. इथे वस्तीतल्या रस्त्यांची वेगमर्यादा ताशी 20 मैल केली आणि फलक बदलले. आपल्याकडेही नुसते फलक लावून भागणार नाही का? प्रत्येक गोष्टीला रस्त्यावर ढीग कशाला?
(एक वाचक, कार्डिफ)

उत्तर: आपण म्हणता तो बदल 17 सप्टेंबर 2023 रोजी झाला. तिथला चालक फलक पाहून वेग उतरवतो, त्यामागे दंड होईल ही खात्री असते. आपल्याकडे ‘वाहने सावकाश चालवा’ ही पाटी पुण्यात तर उपरोधाच्या निरनिराळ्या चवींत लावलेली आढळते. लोक ती वाचतात, हसतात आणि त्याच वेगाने पुढे जातात. गल्लीबोळात कॅमेरा नसतो, पोलीस नसतो. तिथे चोवीस तास उभा राहणारा, चहाला न जाणारा आणि ओळखपाळख न पाहणारा शिपाई म्हणजे तो उंचवटाच.

ज्याला आपण ढीग म्हणता, त्याचा शास्त्रीय आकार मुळात आपल्याच सध्याच्या देशातून आलेला आहे. ब्रिटनच्या रस्ते संशोधन प्रयोगशाळेत वॉट्स यांनी 1973 च्या सुमारास वेगवेगळे उंचवटे करून त्यांवरून वाहने नेऊन पाहिली, आणि त्यांतून 12 फूट रुंद, 4 इंच उंच असा आकार निवडला गेला. 12 फुटांचे मीटर करून पाहा, आपल्याकडचा 3.7 हा आकडा तिथलाच निघतो. त्याआधी 1953 मध्ये अमेरिकेतल्या सेंट लुईस इथे, भौतिकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळवलेल्या आर्थर कॉम्प्टन यांनी, कुलगुरू असताना, विद्यापीठाच्या आवारातल्या सुसाट मोटारींना वैतागून असेच उंचवटे आखले होते. क्ष-किरणांवर काम केलेल्या माणसालाही शेवटी फलकावर विश्वास ठेवता आला नाही.

(जाता जाता, रस्त्यावरच्या रबरी गतिरोधकापाशी दोन टायर पंक्चर झाल्याचे लिहिणाऱ्या रत्नागिरीच्या एका वाचकाच्या पोस्टकार्डाला उत्तर: रबर किंवा प्लॅस्टिकच्या, खिळ्यांनी ठोकलेल्या काळ्या-पिवळ्या पट्ट्या सोसायटीच्या आवारात, वाहनतळात ठीक आहेत. सार्वजनिक रस्त्यावर वर्षभरात त्यांचे तुकडे निखळतात आणि खिळे वर राहतात. आपले दोन टायर गेले त्याचे कारण तेच असावे. पट्टीचे उरलेले तुकडे काढायला सांगताना खिळेही उपटून घ्यायला सांगा. तेवढे काम नेहमी राहून जाते.)